ढिगाऱ्यावर कर नसतो

बारीहून निघालेली छोटी रेल्वे
ऑलिव्हच्या बागांतून रमतगमत येते
आणि मला आल्बेरोबेल्लोला उतरवून देते,
फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी.
हंगाम नाही. चढावर सुटकेसची चाकं
फक्त माझीच वाजतात.

घरं म्हणजे, कसं सांगू,
धान्याच्या राशींना कुणी दारं बसवावीत.
खाली पांढरा चुना, वर करड्या दगडांचं निमुळतं टोक,
टोकाखाली चुन्यानंच काढलेली चिन्हं:
क्रूस, सूर्य, बाण लागलेलं काळीज.
"हे काळीज सासऱ्यानं काढलंय,"
किल्ली देताना कोझिमा म्हणते,
"बटाट्यासारखं दिसतं. पण राहू दिलंय."

भिंत दोन हात जाड.
भिंतीतच कोनाडा, पडद्याआड पलंग,
पाच भावंडं इथे आडवी झोपायची,
तिचा नवरा पायांकडे.
जमिनीखाली टाकी आहे,
छपरावरचं पाणी तिच्यात उतरतं.
"रात्री आवाज आला तर घाबरू नकोस.
घर पाणी पितंय, एवढंच."

शेजारच्या छपरावर ओरोन्त्झो,
ऐंशी उलटलेला, भाकऱ्यांच्या चवडीसारखे
चपटे दगड एकावर एक रचत.
चुना नाही, माती नाही, खिळा नाही.
म्हणतात, इथल्या सरदाराला
राजाचा कर चुकवायचा होता.
तपासनीस यायच्या आदल्या रात्री
माथ्याचा दगड काढायचा,
सकाळी गाव नाही, नुसते ढिगारे,
माणसं जंगलात, कोंबड्या बगलेत.
ढिगाऱ्यावर कर नसतो.

"थापा," खालून कोझिमा.
"एका रात्रीत मोडून दाखव एक."

"मी मोडलंय," तो शिडी उतरत म्हणतो.
"एका रात्रीत नाही. चार दिवस लागले.
एकाहत्तर साली, वडिलांचं.
भाऊ तोरिनोला कारखान्यात लागला,
त्याला हिस्सा हवा होता.
मोजून दिले, अर्धे त्याचे, अर्धे माझे.
त्याचे अजून अंजिराखाली पडलेत.
न्यायला आलाच नाही."

घर मोडणं.
माझ्या भाषेत हे हळू आवाजात बोलतात,
बाईकडे न बघता.
माझ्या तोकड्या इटालियनमध्ये मात्र
घर मोडतं ते दगडांचंच,
म्हणून मला म्हणता येतं,
"मीही मोडलं. गेल्या वर्षी."

तो माझ्या हातांकडे बघतो.
"दगड चांगले होते?"

इतक्या जणांनी इतकं विचारलं,
चूक कुणाची, मुलं नव्हती ना, आईला काय सांगितलंस.
हे कुणी नाही.

"काही," मी म्हणते.

"मग ते फेकू नकोस."
खिशातून खडू काढून
कसलीशी खूण करतो एका दगडावर.
"हा धर जरा," म्हणतो, आणि शिडीला लागतो.

जड आहे. एका बाजूनं उन्हानं कोमट.
वरून तो हात पुढे करेपर्यंत
मी धरून उभी.