चाळलेली राख

जूनमध्ये हीउमा बेटावर रात्र अशी होतच नाही.
साडेअकराला उजेड जरा मागे सरतो,
उतरवून ठेवलेल्या दुधासारखा निवतो,
आणि दोन वाजता परत तापायला लागतो.
जे पाहायचं ते तेवढ्यात पाहायचं.
ती कीड दिवसा दिसत नाही.
दिवसभर दांडीच्या भेगेत, खिळ्याच्या बुडाशी
करड्या धुळीचं सोंग घेऊन पडलेली असते.
अंधारलं की कोंबडीच्या पायावरून वर चढते,
पिते, तांबडी होते, उतरते.

हे मला हेल्वेनं सांगितलं.
म्हणजे कुंपणापलीकडून, पाठ वळवता वळवता, ओरडून.

झालं होतं असं:
एप्रिलात मी तिची खुडूक कोंबडी उसनी आणली,
अकरा अंड्यांवर बसवली, सात पिल्लं झाली.
मे सरेस्तोवर माझ्या पाच कोंबड्यांचे तुरे
धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखे पडले.
एक, जिला मी मावशीच्या नावानं साल्मे म्हणतो,
खुराड्यात शिरायलाच तयार होईना.
संध्याकाळ झाली की सफरचंदाच्या झाडावर.
मी म्हटलं, हट्टी आहे, मावशीसारखीच.
तिला ठाऊक होतं घरात कोण राहतं ते.

मी म्हणालो, तुमच्या खुडुकीनं आणली ही कीड.
हेल्वे म्हणाली, माझ्याकडे साठ वर्षांत नाही,
तुमच्या वळचणीला चिमण्यांचं घरटं आहे, तिथं बघा.
मग मी काहीतरी म्हणालो.
त्या शनिवारी तिच्याकडून राईचा पाव आला नाही.

लागलो एकटाच.
पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवलं,
लाल रेघ उठली.
पाच कोंबड्यांचं रक्त, आणि माझ्या हातात फडकं.
पेंढा जाळला. दांड्या उपसल्या. उकळतं पाणी, साबण,
मग ब्लोलँप, भेग न् भेग,
आणि त्या आचेत एक बारीक तडतड,
जी ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.
आठवड्यानं पुन्हा तेच सगळं,
कारण अंडी त्यांचीही उबतात,
आणि त्यांना खुडूक उसनी आणावी लागत नाही.

गुरुवारच्या बोटीनं पशुवैद्य त्रीन आली,
विष्ठा डबीत घेऊन गेली, संध्याकाळी फोन केला:
जंतही आहेत. खाद्यात पूड घाला, सात दिवस.
मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत.
रोज चार अंडी मी बेदाण्याच्या झुडपाखाली पुरली,
अजून कोमट असलेली.

साल्मेच्या पायांवर खवले उचकटले होते,
जुन्या छपराच्या फळ्यांसारखे.
तिला कुशीत उलटी धरून
एकेका बोटाला व्हॅसलीन चोळलं.
साठी उलटल्यावर कुणाचे पाय
इतका वेळ हातात धरले नव्हते.
ती माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होती. तेही पुरे होतं.

बाराच्या सुमाराला टॉर्च घेऊन दांड्या तपासत होतो.
बऱ्याच स्वच्छ होत्या.
सहज मान वळवली तर कुंपणापलीकडे,
हेल्वेच्या खुराड्यात,
दुसरा टॉर्च.
वाकलेला, हलणारा, दांडीच्या खालून काहीतरी शोधणारा.
साठ वर्षांत नाही, म्हणे.
मी माझा विझवला.
क्षणभरानं तिनंही विझवला.
मग दोघंही त्या अर्ध्या अंधारात
आपापल्या कोंबड्यांमध्ये उभे राहिलो, श्वास धरून,
जणू आम्हीच भेगेत लपलेलो.

सकाळी कुंपणाच्या माझ्या बाजूला बादली.
सॉनाच्या भट्टीतली बर्चची राख,
चाळलेली, पिठासारखी, एकही कोळसा नाही.
चिठ्ठी नाही.
ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात ओतली.
साल्मे आधी भोवती फिरली, मग आत बसली,
पंख पसरून अशी काही लोळली
की राखेचा ढग उठला आणि त्यात ती दिसेना.

बादली रिकामी कशी परत करायची?
अंडी तर अजून देता येत नव्हती.
शेवटी ब्लोलँपच ठेवला तिच्यात,
गॅस पुरता भरून.

दुपारी पलीकडून भुर्र भुर्र आवाज येत राहिला.
मी मान वर केली नाही.
वाटाण्याच्या वाफ्यातलं तण
उगाचच दोनदा काढलं.