वाढीचा तक्ता

घरी आणलं तेव्हा पळस फुलून ओसरत आले होते.
ह्यांनी पडवीला धुतलेली चादर बांधली
आणि उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ ओढली.
अलीकडे मी, थर्मामीटर, उकळून गार केलेलं पाणी.
पलीकडे बकरी, शेणाचा सडा, तुळशीची माती,
म्हणजे बाकी सगळंच.

सत्तावीस वर्षं अंगणवाडीत
लोकांची लेकरं मी काट्याच्या झोळीत टाकली.
हालू नको रे राजा, म्हणायची.
नागपूरच्या काचेच्या खोलीत
रोज सकाळी मलाच काट्यावर उभं करत,
आणि मी हालत असायची.

माझंच बी माझ्यातून काढलं, थिजवून ठेवलं,
मग औषध सोडून आतलं सगळं वावर जाळलं.
(त्या वेळी तोंडात बर्फ धरायला दिला होता,
खडा विरघळला की दुसरा.
यात्रेत लाल गोळा चोखणारी मी
अशी फुकटच्या बर्फाला रडले.)
एक दिवस सोडून तेच बी परत पेरलं.
पिशवी केवढी, तर ताकाच्या पुडीएवढी.
हे म्हणाले, लसूण करपल्याचा वास येतो गं.
मला कशाचाच येत नव्हता.

डॉक्टर पोरगा म्हणाला, मावशी, आज तुमचा नवा जन्म.
बापू, जन्माची नोंद मीच करते गावात.
आईचं नाव काय लिहू?
तो हसला, हातमोजे काढले, निघून गेला.
तो रकाना तसाच आहे.

सहा महिन्यांनी लसी, कागदावर यादी आहे:
घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ.
गोवर मात्र दोन वर्षांनी.
ज्यांना मी उन्हातान्हात हुडकून आणायची,
मांडीवर घट्ट धर वो, म्हणायची,
त्या रांगेत आता मी.
दंडावर देवीचा वण अजून आहे, नाण्याएवढा.
खूण राहिली. रक्त विसरलं.

पंचफुला भात घोटून आणते, रेघेवर ठेवते.
"वरून सांबार टाकू नको, कच्चं चालत नाही."
"बिनसांबाराची भाजी का भाजी असते वो बाई?"
नसते. पण मला दोन्ही सारखीच,
जिभेवर नुसतं लोखंड.

पोरं येतात, लांब उभी राहतात.
टिकेश विचारतो, बाई, तुमचं जावळ काढलं का?
हो, म्हणते.
कोणत्या देवाला?
त्याच्या आईने त्याला ओढत नेलं.
खरं तर त्याने बरोबर विचारलं होतं.

मोठे लोक विचारतात, गेला का वो आजार?
निजला आहे, मी सांगते,
आणि सगळ्यांचा आवाज आपोआप उतरतो,
पाळण्याजवळ उतरतो तसा.
रात्री एक गोळी घेते,
त्याला थापटायला.

परवा पहाटे बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला गेल्या.
बोलणं दूर गेलं, मग काहीच नाही,
मग वास आला.
गोड, जड, थोडा आंबूस.
आधी वाटलं आठवण आहे.
मास्क खाली केला, दोन श्वास घेतले,
चोरी केल्यासारखा परत चढवला.
ह्यांना सांगितलं नाही.

आज पंचफुलाला म्हटलं, जुन्या तक्त्यांतला एक कोरा आण.
आता सगळं मोबाइलात भरतात,
गठ्ठा तसाच पडला आहे माळ्यावर.
तिने तो दोन दिवस उन्हात ठेवला, मग दिला.
लाल, पिवळा, हिरवा पट्टा.
भिंतीला टेकून उंची मोजली:
दबलेल्या मणक्यांनी चार बोटं खाल्ली.
वजन एक्केचाळीस.
हा तक्ता पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा,
माझा आकडा कुठेच बसत नाही.
तरी पिवळ्यात एक टिंब दिलं,
पेन घट्ट दाबून.

नव्या मदतनिसांना मी शिकवायची,
एका टिंबाने काही कळत नाही, बायांनो.
लेकरू चढतंय की उतरतंय,
ते पुढच्या महिन्याचं टिंब आल्यावर.

पेनला झाकण लावलं.
बाहेर बकरीने रेघ पुन्हा पुसली होती.