नाडी

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं
आणि केतकी म्हणाली, मम्मी, तू आता म्हातारी हो.
किती वर्षांची?
शहाऐंशी. डावा गुडघा दुखतो तुझा. ऐकू कमी येतं.
नाव काय माझं?
ते तिकडं गेल्यावर कळेल.

मी हात पसरून उभी राहिले.
एकवीस वर्षं शाहूपुरीच्या या गाळ्यात
दुसऱ्यांच्या बगलेखालून टेप फिरवला.
माझ्याभोवती कुणी फिरल्याचं आठवत नाही.

किमोनो जुना, क्लासच्या बाईंनी दिलेला,
राखाडी, बारके पांढरे पक्षी, एका बाहीला चहाचा डाग.
सणाला तिथल्या म्हाताऱ्या हट्ट धरतात,
आम्हाला नेसवा म्हणतात,
असं आधी गेलेल्या पोरी सांगतात.
सामान पेटीभर लागतं म्हणे, आणि महाग.
म्हटलं, पेटी कशाला, दुकान आहे की.
दोऱ्यांच्या जागी परकराच्या नाड्या, दहाला एक.
पोटावर ताठपणा यावा म्हणून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर अजून चाळीस साईज लिहिलेलं.
पाठीवरच्या गाठीत उशी हवी,
ती ब्लाउजच्या उरलेल्या फोमची, रुमालात गुंडाळून.
ओबी इचलकरंजीच्या पडद्याच्या कापडाची,
उभी दुमडून मीच शिवली, सव्वाचार मीटर.
पायात कापशी चप्पल.
करकरते. तिकडं चालेल का, माहीत नाही.

डावी बाजू वर, मम्मी. नेहमी डावीच.
उजवी वर आली की मेलेल्या माणसाची.
मी निमूट डावी धरली.
आपल्याकडं मेलेल्याचं काय काय उलटं करतात
ते सांगायचं तोंडावर आलं होतं.

उंची जास्त झाली, कमरेशी दुमडली.
अगं, हा तर ओचा, मी म्हटलं.
म्हातारीनं बोलायचं नाही, ती म्हणाली.

ओबी मात्र जमेना. तीनदा सुटली.
शेवटी शेजारच्या बाबालालभाईंना हाक मारली,
लग्नसराईत दिवसाला दीडशे फेटे बांधणारा माणूस.
शटरखालून वाकून आले, उंबऱ्यातच थांबले,
तोंड रस्त्याकडं, पाठ आमच्याकडं.
"शेव आधी खांद्यावर टाक, पोरी. टाकलीस?
आता वेढा दे. कापड ओढू नगंस, माणूस फिरीव."
काका, गुडघा दुखतो माणसाचा.
जरा वेळ रिक्षांचे हॉर्न.
"मग तू फीर. नवरदेवाभोवती मी फिरतोच की."

ती फिरली.
एकदा, दोनदा, तोंडात पिना धरून,
माझ्या कानाशी तिचा श्वास.
"एक बोट जाऊ दे आत. दोन न्हाईत."

मग समोर आली, किंचित वाकली.
कुरुशिकु नाई देसु का?
म्हणजे?
आवळत नाही ना. श्वास घेता येतोय ना.
मला ऐकू कमी येतं, मी म्हटलं, मोठ्यानं विचार.
तिनं मोठ्यानं विचारलं.
मनगट धरून, शिकवल्यासारखी, घड्याळाकडं बघत नाडी मोजली.
बहात्तर.
बाबालालभाई पाठमोरेच म्हणाले, "झालं का? दुकान उघडं टाकून आलोय."

सोडताना कमरेवरचा वळ बघून ती घाबरली,
जास्त आवळलं का गं?
तिला म्हटलं, हा आजचा नव्हे.
हा तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा.

ती गेली त्याला आता पाच महिने.
परवा माळ्याच्या सुनेच्या ब्लाउजला पिना लावत होते,
तोंडातून निघून गेलं,
कुरुशिकु नाई देसु का.
ती म्हणाली, काय ओ?
काही नाही, म्हटलं. हात वर कर.