प्रतवारी

पहिली यादी वहीच्या मागच्या पानावर आहे.
कांदा-बटाटा मार्केटातल्या गाळ्याची जुनी वही,
पुढून आप्पांच्या गोण्यांचा हिशोब,
मागून माझी गाणी.
एक ते दहा. सन दोन हजार बारा.
कोरियन नावं वाचता येत नव्हती, म्हणून मीच ठेवली:
पिवळ्या कोटाचं. लिफ्टमधलं.
दात घासत नाचतात ते.
पाच जणी एकाच सोफ्यावर, ते.

पहिल्या नंबरला सलग तीन वर्षं पिवळा कोट.
आता ऐकलं की हसू येतं,
नुसता धडधडाट, आणि मागे कोणीतरी शिंकल्यासारखं.
पण खोडणार नाही.
सातवीतल्या एका मुलीचा शब्द आहे तो,
तिला विचारल्याशिवाय कसा फिरवू?

प्रणोतीशी भांडण सोफ्यावरून झालं.
ती घणसोली गावातली,
आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत.
ती म्हणाली, चौथा नंबर म्हणजे अपमान.
नऊ दिवस बोलली नाही.
दहाव्या दिवशी डब्यात सुका जवळा घेऊन आली,
मी त्या पाच जणींना तिसऱ्यावर चढवलं.
हा भ्रष्टाचार यादीत तारखेसकट नोंदलेला आहे.

मग तिच्या ताईची हळद.
बँजोवाल्या पोराला तिने मोबाईलवर ऐकवलं, दोनदाच,
आणि त्याने सेऊलच्या पाच जणींना
सोफ्यावरून उठवून
थेट घणसोलीच्या मांडवात उतरवलं.
मामा नाचले, मावश्या नाचल्या,
डोक्यावर बाटली तोलणारा एक जण माझ्या कानाशी आला:
"का गो, यो एकवीरेचा नवा गाना हाय?"
आम्ही दोघी हो म्हणालो.
त्या रात्री पिवळा कोट दुसरा झाला.

आप्पांनी एकदा यादी पाहिली.
म्हणाले, यातला गोळा कुठला, गोल्टी कुठली?
एक वायर माझ्या कानात, एक त्यांच्या,
कांदा अंगठ्याने दाबून बघतात
तसा चेहरा करून त्यांनी नवीन पाचवं ऐकलं.
"वरून चकाकी आहे. टिकायचा नाही."
दोन महिन्यांत ते गाणं गेलं.
मी त्यांना सांगितलं नाही.

वीस साली पान कोरं.

दहाच्या खाली एक रेघ आहे,
रेघेखाली अकरावं.
त्यात एक मुलगी बापाला हाक मारते,
आणि तिकडेही बापाला अप्पाच म्हणतात.
पहाटे तीनला उठून मार्केटात गेलेले आप्पा
दुपारी बाहेरच्या खोलीत झोपलेले,
डोळे मिटूनच: "काय गं?"
काही नाही, गाणं.
पुढच्या कडव्याला पुन्हा: "काय गं?"
गाणं आहे, आप्पा!
महाप्याच्या कंपनीतला पहिला पगार झाला
तेव्हा सगळ्यात आधी हेडफोन घेतले.

आता पाठीचे मणके झिजवून ते पाटणला गेलेत,
फोनवर भातालाच नंबर देतात,
यंदाचा इंद्रायणी एक नंबर, गेल्या वर्षीचा तीन.
प्रणोती कळंबोलीला. तिची पोर
मला न विचारता नवीन गाणी आवडून घेते
आणि यादी करत नाही, सगळीच पहिली म्हणते.

काल हेडफोन काढून ठेवले,
अकरावं मोठ्याने लावलं.
पहिलं कडवं संपलं. मी थांबले.
फ्रिज घुरघुरत राहिला.
दुसरं संपलं.
भिंतीपलीकडून घोरपडेकाकू ओरडल्या,
"अगं, कोणाला हाका मारतेयस मघापासून?"

गाणं अजून रेघेखालीच आहे.
वर घ्यायचं तर दहातलं एक काढावं लागेल,
आणि पिवळ्या कोटाला हात लावायचा नाही
असं आमचं ठरलंय.