सेकंड

मे महिन्यात भद्रावती पेठेत
रात्री आठलासुद्धा गच्चीवर पाय टेकवत नाही.
नायना तरी चढतात. वही, पेन्सिल,
आणि इराबत्तीच्या पोराकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच.
तेहतीस वर्षं माग दुरुस्त केले त्यांनी.
एक कान तिकडेच राहिला,
दुसऱ्याने माझं अर्धं बोलणं ऐकतात.

'तो बघ.'
सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने निघून
होटगीच्या अंगाला उतरणारा ठिपका.
लष्कराचा. शिलाई मशीनएवढा असेल म्हणे.
नाव कुणी जाहीर केलेलं नाही.
वहीत तो चिन्नोडू आहे,
म्हणजे आमच्या तेलुगूत, धाकटा.

गेल्या मंगळवारपर्यंत चिन्नोडू
ताणून धरलेल्या सुतासारखा जायचा.
आता चार सेकंद पेटतो, चार विझतो.
नायना मोजतात: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
'लागलंय त्याला. गिरक्या घेतोय.'
काय लागलं?
'कुणाच्या तरी जुन्या रॉकेटच्या रंगाचा पोपडा.
शेंगेच्या टरफलाएवढा पुरतो.'

पेपरात काही नाही.
पेपरात पाणी पाच दिवसांआड, तेवढंच.

मागावर ताण्यातला धागा तुटला
की ड्रॉपपिन पडते,
माग आपला आपण उभा राहतो.
मग वाकायचं, दोन टोकं शोधायची,
थुंकी लावून गाठ मारायची.
वर कोण उभं करणार?
तुटला तसाच चाललाय,
दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरा.

कुणाला कळवायचं का, मी विचारलं.
नायना उगाच स्टॉपवॉचचं बटण दाबत बसले.
'ज्यांचा आहे त्यांना कळलंय.
ज्यांच्यावर नजर ठेवायला होता त्यांनाही.
राहिलो आपण.'

खाली अम्मा चादरी अंथरते.
घरात सगळ्या सेकंडच्या.
एकीवरच्या मोराला चोच नाही,
एक काठाजवळ बोटभर विरलेली,
शिक्का न मारता कारखान्याने बाजूला टाकलेली.
तीच पांघरून मी मोठी झाले.
झोपेत पायाचा अंगठा
नेमका त्या विरलेल्या जागी जायचा.

आज आभाळ भरलेलं होतं.
नायना जेवायला उशिरा उतरले.
ताटाशेजारी वही उघडी राहिली:
आठ वाजून सात. दिसला नाही.
मग 'नाही' खोडून,
बारीक अक्षरात,
असावा.