ज्याअर्थी

शासकीय आदेशाचं पहिलं वाक्य
सव्वा पानाचं असतं.
मी ते प्रिंट करते, वाचत नाही.
ग्रामपंचायतीचा संगणक माझ्याकडं,
मानधन चार महिने थकलेलं,
आणि वाक्य वरून आलेलं.

त्या दिवशी वाचलं, कारण लाईट गेली.
कागद प्रिंटरच्या जबड्यात अडकला
आणि एवढंच बाहेर राहिलं :
‘ज्याअर्थी, वातावरणीय बदलांचे परिणाम विचारात घेता’
बाकीचं आत, अंधारात, दीड तास.
मुजावर ग्रामसेवक घड्याळ बघत बसले,
ठरावाला आजच जोडायचं होतं.

लाईट आल्यावर ‘त्याअर्थी’ निघालं :
गट नंबर एकशे चौदा, गायरान,
नऊ हेक्टर चाळीस आर,
सौर प्रकल्पास तीस वर्षांकरिता,
भाडे वार्षिक रुपये एक.
मी सवयीनं पुढची शून्यं शोधली.

अण्णांनी आदेश हात लांब करून वाचला.
परळीला, थर्मलवर, ठेकेदाराकडं
एकोणीस वर्षं कोळसा उतरवलेला माणूस.
तिथं आई वाळलेलं लुगडं
आधी झटकायची, मग नेसायची.
मला वाटायचं, सगळ्या जगात असंच नेसतात.

‘धूर?’
नाही, अण्णा.
‘राख?’
नाही. काहीच जळत नाही त्याच्यात.
ते बराच वेळ गप्प.
‘मग माणसं किती लागतेत?’
सहा. चार वॉचमन, दोन पुसणारे.

ग्रामसभेत गयाबाई देवकते
दाराच्या चौकटीला टेकून बोलली :
‘दिवसा लाईट येणार, चांगलंच हाय.
रात्री दोनला मोटार चालू करायला गेलेला
मव्हा पुतण्या पान लागून गेला,
म्हणून मी नको म्हणत नाही.
पण एक्केचाळीस जितराब हाय मव्हं,
ते कोणत्या कागदावर हाय?’

मी पंचनामा उलटून पाहिला.
झाडे : सात, बाभूळ.
अतिक्रमण : निरंक.
सध्याचा वापर : निरंक.
शेरडांच्या जागी शेरा.
सभा संपली, चहा आला, फोटो झाला,
फोटोत गयाबाईची चौकट तेवढी आली.

दोन वर्षांनी
गट नंबर एकशे चौदा आभाळाकडं तोंड करून झोपला.
मोटारी दिवसा चालतात आता, हे खरंय.
रामकिसन वायरमन रात्री घरी झोपतो,
त्याच्या बायकोला तो घोरतो हे
लग्नानंतर नवव्या वर्षी कळलं.

पण गवताला आदेश लागू नव्हता.
ते पत्र्यांच्या वर गेलं, सावली पडली,
युनिट कमी भरली.
कंपनीचा साहेब गयाबाईच्या दारात आला.
मेंढरं चालतील, म्हणाला,
शेरडं नकोत, वर चढतात.

म्हणून मी गेट पास टाईप केला :
मेंढ्या बारा, खूण डाव्या कानाला.
एकोणतीस शेरडं तारेच्या बाहेर
आत चरणाऱ्यांकडं बघत उभी.
गयाबाईनं पास उलटासुलटा पाहिला.
‘मव्हं नाव कुठंय ह्याच्यात?’
रकानाच नव्हता.

अण्णा पुसणाऱ्यांत लागले.
पहाटे पाचला, ऊन यायच्या आत.
मे महिन्यात टँकरच्या दोन खेपा,
एक गावाला, एक काचांना.
गावाच्या खेपेला भांडणं व्हायची,
काचांच्या खेपेला नाही.

एकदा डबा द्यायला गेले
तर ते काचेसमोर थांबलेले.
फडकं खांद्यावर.
वारा चार दिवस थर्मलकडून होता.
बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं,
नाकाशी नेलं.

‘धूळ असंल,’ मी म्हणाले.
‘धूळ कामून असंल?
एकोणीस वर्षं अंगावर होती मव्ह्या,’
म्हणाले अण्णा,
आणि पाणी मारायला विसरले.

टँकरवाला हॉर्न देत राहिला.