आधीची

ऑगस्टातलं हॅमिल्टन, अंगाची काहिली,
आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर
दोन माणसं पाइपातून नाताळ फवारतायत.
कागदाचा बर्फ. जिभेवर आला तर पुठ्ठ्याची चव.

मेकअपच्या व्हॅनमध्ये थेल्मा कोवालचुक,
वय चोपन्न, एकवीस वर्षं हेच काम.
आज तिला एका सुंदर मुलीला
चारचौघींसारखी करायची आहे.

सोपं नाही ते.
ब्रिनलीची मान लपत नाही,
भुवया विस्कटल्या तर विस्कटलेल्याही शोभतात.
पावणेदोन तास जातात.
डोळ्यांखाली जांभळट करडा, ओठांवर राख,
बदामी रंगाचा पोक्त स्वेटर,
बुचड्यात आडवी पेन्सिल, आणि वर चष्मा.
चष्म्याला नंबर नाही.
पेन्सिलीला टोक नाही,
विमा कंपनीने मोडायला लावलं.

पुन्हा सुंदर करायला बारा मिनिटं पुरतात.
पुसायचंच असतं फक्त.

आरशाच्या कडेला नमुन्याचा फोटो,
खाली जाड मार्करने: आधीची.
थेल्माने तो सकाळी सातलाच ओळखला.
मागच्या गुरुवारचा, जेवणाच्या रांगेतला.
हातात बटाट्याच्या सॅलडची वाटी,
बदामी स्वेटर, बुचड्यात पेन्सिल,
सगळं लक्ष सॅलडात.
कुणी काढला, तिने विचारलं नाही.
ब्रश धुतले. कामाला लागली.

स्वतःचा चेहरा दुसरीवर चढवताना
हात कापत नाही, हे तिला नव्याने कळलं.
उलट सरावाचाच हात.
कुठे काय उणं, ते पाठ असतंच की.

शेजारच्या खुर्चीत नायक, डेरेक,
सत्तेचाळिशीचा, पोट शर्टाच्या बटणांशी भांडणारं.
तो सँडविच खातोय.
त्याच्या आरशाला फोटो नाही.
नायकाला आधी नसतं.
तो पहिल्या दृश्यात जसा येतो
तसाच शेवटच्या दृश्यात तिला मिळतो,
फार तर दाढी करून.

संध्याकाळी जिना.
ब्रिनली वरच्या पायरीवर चष्मा काढते,
पेन्सिल उपसते, केस सुटतात,
म्हणजे पंखा सुटतो, मग केस.
खाली पस्तीस ज्युनिअर आर्टिस्ट
एकदम श्वास रोखतात. पुन्हा रोखतात.
चौथ्या टेकला एकाला शिंक येते.

मॉनिटरच्या मागे थेल्मा, उणे साडेसहा नंबरवाली,
मुठी आवळून.
तिला वाटतं, ही आता पडणार.
चष्मा काढला की पायऱ्या राहत नाहीत, पोरी,
एक उतरता धूर राहतो,
कठडा चाचपावा लागतो,
आणि खाली वाट बघत जो उभा असतो
तो एक डाग असतो, कोटासकट.
त्याच्यावर जीव जडण्याआधी
तो कोट नुसताच खुंटीला टांगलेला नाही ना,
एवढं तरी बघायला नको?

रात्री पुसून घ्यायला बसलेली ब्रिनली म्हणाली,
'तुमचा बघू जरा,'
आणि घातलाच. 'अरे देवा, सगळं पोहतंय!'
थेल्मासमोर आता एक गुलाबी धग,
तिला नाक नाही, गाल नाहीत,
गर्दीतली कुणीही असावी अशी.
आणि ती धग हसत होती,
तिचं हसणं मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होतं,
शेवटी जरासं घोगरं होणारं.
दिवसभरात हे ऐकलंच नव्हतं.

'हा माझाच फोटो ना?'
ब्रिनली आरशाकडे झुकून विचारत होती.
'जवळजवळ,' थेल्मा म्हणाली.

मग तिने हात पुढे करून चष्मा परत घेतला,
बुचड्यातून पेन्सिल काढली,
टोक बोटावर तपासलं,
आणि हजेरीच्या कागदावर लिहिलं:
जादा वेळ, चाळीस मिनिटं.